उघडून परत आलेलं कुलूप

कुलूप सुटं होऊन परत आलं आणि मोठ्या साहेबांचा पारा चढला.

टेबलावर खोकं उपडं केलेलं होतं. कडी, किल्ली, पितळी खिट्ट्या, स्प्रिंग. एकेक भाग वेगळ्या कागदात आणि वर बारीक आकडा. कारखान्याचं सगळ्यात मजबूत कुलूप ते. समुद्रापलीकडच्या देशातल्या एका वर्कशॉपला नमुना म्हणून पाठवलेलं. त्यांच्या जोडीने तिथे नवा कारखाना काढायचा, हा बेत कारखान्याचे परदेशी व्यवहार बघणाऱ्या तिने दोन वर्षं राबून आखला होता. आज तिकडून होकार यायचा, तर आलं हे.

"सोबत ना चिठ्ठी ना चपाटी," मोठे साहेब म्हणाले. "नको होतं तर तसं सांगायचं. आपला माल खोलून तोंडावर फेकायचा म्हणजे काय? रद्द करा. आजच कळवा."

"मी कधीचा म्हणतोय," साहेबांचे मेहुणे म्हणाले. खरेदीचं काम ते बघत. "पण आमच्या पाहुणीबाईंना माहेरची ओढ."

पाहुणी हे तिचं कारखान्यातलं नाव. सतराव्या वर्षी विद्यार्थ्यांच्या अदलाबदलीत ती त्याच देशात दहा महिने एका घरी राहून आली होती. मेहुण्यांच्या लेखी ती फुकटची सहल.

एरवी ती हे हसण्यावारी नेई. आज तसाही जीव थाऱ्यावर नव्हता. अंग तापलेल्या लेकीला सासूबाईंकडे सोडून आली होती आणि मांडीवरचा फोन सारखा उलटा-सुलटा करत होती. तरी नजर त्या कागदांवरून हलेना. घड्या किती चापून घातलेल्या. रागाने खोललेल्या वस्तूला कोण असं जपतं?

आणि तिला घड्याळ आठवलं.

त्या घरातले वडील यंत्रं दुरुस्त करायचे. ती गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी तिचं गजराचं घड्याळ, आईने निघताना दिलेलं, चाक न चाक सुटं करून, कागदांत बांधून, आकडे घालून तिच्यासमोर ठेवलं. तिने रडून घर डोक्यावर घेतलं. तेव्हा तिथल्या आईने समजावलं होतं, "परक्याची वस्तू आम्ही पुसून परत देतो. घरात राहणार असेल तीच उघडतो. आता जोड तू."

"साहेब, हा नकार नाही," ती म्हणाली. "नकार असता तर कुलूप चकचकीत पुसून आलं असतं. आपलं मानलं की ते उघडून बघतात, आणि जोडायचं समोरच्याने."

"हे कुठल्या करारात लिहिलंय?" मेहुण्यांनी विचारलं.

"कुठेच नाही. दहा महिने त्या घरात भांडी घासलीत, म्हणून माहीत आहे."

मोठ्या साहेबांनी सगळे कागद तिच्यापुढे सरकवले. "जोडून दाखव."

दाराशी उभ्या फोरमनकाकांनी खिशातला स्क्रू ड्रायव्हर पुढे केला. ती आकड्यांप्रमाणे एकेक कागद सोडत गेली. आठव्या कागदात दोन स्प्रिंगा निघाल्या. एक नेहमीची. दुसरी बारीक, निळसर.

काकांनी ती उजेडात धरली. "ही आपली नाही. त्यांनी बनवलीय."

तिने निळसर स्प्रिंग बसवली, झाकण आवळलं आणि कुलूप साहेबांपुढे सरकवलं. साहेबांनी किल्ली घातली. बोटाच्या नुसत्या स्पर्शाने ती फिरली.

"बारा वर्षं," काका खुर्चीत टेकत म्हणाले, "बारा वर्षं या अडकणाऱ्या किल्लीने माझं डोकं खाल्लं."

साहेबांनी किल्ली पुन्हा फिरवली. मग पुन्हा. "एवढं केलं, तर दोन ओळी लिहायला काय झालं होतं?"

"लिहितील की. आपण जोडून पाठवलं की."

"पाठव. कारखाना काढायचा." साहेब उठले. "आणि यंत्रं जाण्याआधी आपली दोन माणसं तिकडे घरांत राहायला जातील, त्यांची दोन इकडे येतील. मेहुणे, पहिले तुम्ही."

"मला भांडी घासता येत नाहीत."

"शिकवतात," ती म्हणाली. "छान शिकवतात."

हसण्याच्या गलक्यात फोन थरथरला. सासूबाईंचा निरोप होता: ताप उतरला, पेज प्यायली, आता माझ्या चष्म्याच्या मागे लागलीय.

तिने फोन पर्समध्ये टाकला आणि खोकं पुढे ओढलं. चिकटपट्टी मेहुण्यांनी धरली. वर्कशॉपचा पत्ता तिने लिहिला, ठळक अक्षरांत, तोंडपाठ.