पूर्वेपासून जरा उत्तरेला

सुमेधाने गाभाऱ्याच्या उंबरठ्यावरची वाळलेली बेलाची पानं बाजूला सारली, फोनचं तोंड दाराबाहेर करून तो दगडावर आडवा ठेवला आणि वाकून पाहिलं. पडद्यावरचा काटा थोडा थरथरला आणि थेट पूर्वेला जाऊन थांबला.

तिने फोन उचलला, ओढणीने पुसला, पुन्हा ठेवला. पुन्हा पूर्वच.

थंडी सुरू झाल्यापासून ती जिल्ह्यातली हेमाडपंती देवळं अशीच मोजत फिरत होती. फोनमधलं ॲप देवळाची जागा नकाशावर टिपायचं आणि दार कुठे बघतंय तेही सांगायचं. आजवरचं प्रत्येक देऊळ पूर्वेपासून जरासं उत्तरेकडे वळलेलं निघालं होतं. तिचे मार्गदर्शक धम्मरत्न सर हरखून गेले होते. इथल्या कारागिरांची दिशा ठरवायची रीतच वेगळी असणार, असं त्यांनी तिच्याकडून शोधनिबंधात लिहून घेतलं होतं. पुढच्या आठवड्यात नागपूरच्या परिषदेत ती तेच वाचणार होती. आता राळेगाव तालुक्यातलं हे शेवटचं देऊळ, कापसाच्या पऱ्हाट्या उपटून मोकळ्या झालेल्या वावरांमधलं, आणि नेमकी यालाच सरळ उभं राहायची हौस आली होती.

"झालं का व?" बाहेरून बेबीताईंनी विचारलं.

"होतंय, आई."

बेबीताई तिच्या सासूबाई. सून एकटी आडरानात कशी फिरणार, असं घरात निघालं तेव्हा त्याच "मी जातो तिच्यासंगं" म्हणाल्या आणि तेव्हापासून कुरकुरत का होईना, प्रत्येक एसटीत तिच्या शेजारी बसल्या. बघणाऱ्याला वाटायचं, दोघी देवदर्शनाला निघाल्यात. ते निम्मं खरंही होतं. सासू फूल वाहायची, सून फोन ठेवायची. पहिलंच देऊळ दिग्रसच्या पलीकडे टेकडीवर होतं. त्याच्या पायऱ्यांनी बेबीताईंचा गुडघा जो धरला तो सुटलाच नाही. "आजचं झालं का मी तेल चोपडून निजतो. मले कोनी उठवू नका," असं त्या सकाळपासून बजावत होत्या.

आत्ता त्या चौथऱ्यावर पाय लांब करून फोनचं कव्हर शिवत होत्या. ते त्यांनीच त्या पहिल्या दिवशी, टेकडीकडे निघायच्या आधी, दिग्रसच्या स्टँडवर घेतलं होतं. पोरगी फोन दगडावर ठेवणार, एखाद्या दिवशी फुटेल, म्हणून. झडपवालं, टच्चकन बंद होणारं. आज एसटीतून उतरताना कशाला तरी अडकून त्याची झडप उसवली होती.

"पाह्य व पोरी, गंमत! सुई कशी चिपकते ह्याले!"

त्यांनी सुई सोडली. ती झडपेच्या बटणाला लोंबत राहिली.

सुमेधाने कव्हर जवळजवळ ओढूनच घेतलं, उंबरठ्यापाशी बसली आणि झडप फोनखाली सरकवली. काटा उत्तरेकडे सरकला. झडप काढली, तो पूर्वेला आला. देवळं सगळी सरळच होती. त्यांना वळवलं होतं ते बटणातल्या लोहचुंबकाने.

कव्हर घालून मोजलं तर हेही देऊळ बाकीच्यांच्या रांगेत बसणार होतं. कोण येणार होतं तपासायला? ती इतकी दमली होती की तिने फोन खरंच कव्हरात घातला आणि उंबरठ्यावर ठेवला. काटा हवा तिथे गेला. नोंद जतन करायच्या बटणावर तिने अंगठा नेला.

"काय झालं व? तोंड काहून उतरलं?" बेबीताई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या.

काही नाही, असं ती म्हणणार होती.

"आई, सगळं चुकलं," ती म्हणाली.

तिने फोन कव्हरात घालून, काढून दाखवला. बेबीताईंनी कव्हर आपल्या हातात घेतलं. फोनजवळ नेलं, दूर नेलं, परत जवळ नेलं. काट्याबरोबर त्यांची नजर फिरत राहिली.

"म्हंजे म्या आनलेल्या कव्हरानं."

"तुमचं काय त्यात? बघायचं मी होतं."

"सगळेच देवळं?"

"सगळीच."

सुमेधाने सरांना लिहिलं: मोजमापं चुकली आहेत, सगळी पुन्हा घ्यावी लागतील, नागपूरला मी वाचू शकत नाही. पाठवलं आणि फोन पालथा ठेवला. उत्तर येईल तेव्हा येईल. रडू यायला हवं होतं, पण तेवढंही त्राण नव्हतं. उन्हाळा तोंडावर आला होता आणि थंडीभराची वणवण पुन्हा पहिल्यापासून करायची होती.

बेबीताई कण्हत खाली टेकल्या. आत्ताच घातलेले टाके त्यांनी दाताने तोडले, दोरा ओढून काढला. झडप सुटली. तिला सुई चिकटवून त्यांनी ती आपल्या पिशवीत टाकली आणि नुसतं कव्हर सुनेपुढे धरलं.

"पुढच्या खेपेला मी एकटी जाईन, आई."

बेबीताई गुडघा चोळत होत्या.

"ते पायऱ्यांचं पयलं होतं न आपलं?"

सुमेधाने मान हलवली.

"मंग तेच आधी करू. गुडघ्यात जरासा दम हाये तवर."