तीन दिवसांची भिंत

"नव्वद दिवस," गोदीचे मुख्य इंजिनियर म्हणाले.

"तीन," नौदलाचा चार पट्ट्यांचा अधिकारी म्हणाला.

दोघंही शिकलेले असल्यामुळे माघार कोणी घेईना. समोर कोरड्या गोदीत, कुशीला घोडागाडी जाईल एवढं भगदाड घेऊन, जहाज मुकाट उभं होतं. शेवटी दोघं वाकून बॉयलरखोलीत शिरले. तिथे टेकूमामा पोलादी आडभिंतीवर मोगरी ठोकत आणि तिला कान लावत बसले होते.

टेकूमामा गोदीतले सुतार. वाकलेल्या भिंतींना लाकडी टेकू देण्यात हयात गेली, त्यामुळे आईबापांनी ठेवलेलं नाव आता फक्त हजेरीपटाच्या कामाचं उरलं होतं.

"काय म्हणतेय भिंत?" इंजिनियरांनी विचारलं.

"पोट सुटलंय तिला. बदलायची म्हटलं तर तुमचे नव्वद दिवस. नुसती उभी ठेवायची तर ह्यांचे तीन. बाहेरच्या भोकाला पत्रा मारा. आत माझे बारा सुतार राहतील. आणि साहेब लोक बाहेर."

"म्हणजे आम्ही पण?"

"तुम्ही तर आधी."

युद्धाचं चौथं वर्ष होतं. दोन्ही बाजू जिंकत असल्याचं दोन्हीकडची वर्तमानपत्रं रोज छापत होती. खरी गोष्ट अशी, की शत्रूचं आरमार आठवड्याभरात येणार होतं आणि अडवायला आपल्याकडे चार मोठी जहाजं होती. शत्रूनेही हिशेबात चारच धरली होती. पाचवं गोदीत मेल्यात जमा आहे, याबद्दल त्याची पक्की खात्री होती. चार पट्ट्यांच्या अधिकाऱ्याचा सगळा जीव अडकला होता तो ह्या खात्रीत.

टेकूमामांचा जीव दुसरीकडे होता. भिंतीच्या अलीकडे बॉयलर, आणि बॉयलरपाशी त्यांचा जावई. घरी लेकीला सातवा महिना.

तीन दिवस आत करवतीचा आवाज थांबला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी अठ्ठावीस टेकू भिंतीला पाय रोवून उभे राहिले, तेव्हा चार पट्टे घड्याळ बघत आले.

"झालं ना? मग निघू द्या."

"चाचणी राहिलीय."

गोदीतल्या सुतारांचा जुना नेम होता. भिंतीपलीकडचा कप्पा पाण्याने भरायचा आणि टेकू ज्याने लावले त्याने अलीकडे, भिंतीला लागून बसायचं. सही तशी कुणीही ठोकतो. बसायला मात्र काम नीट करावं लागतं.

"तीन तास जातील. वेळ नाही. हुकूम आहे," अधिकारी म्हणाला.

"मला दाखवून काय उपयोग? पाण्याला दाखवा. ते ऐकत असेल तर मी घरी जातो."

अधिकाऱ्याने इंजिनियरांकडे पाहिलं. इंजिनियरांनी छताकडे पाहिलं. छत उत्तम होतं.

"दारूगोळा चढवायला तसेही तीन तास लागणारच आहेत," इंजिनियर छताला म्हणाले.

पलीकडे पाणी भरू लागलं. मामा खोक्यावर बसले. जावई शेजारी येऊन टेकला.

"तुम्ही कशाला? वर जा की जावईबापू."

"मामा, उद्यापासून इथे मलाच उभं राहायचंय. आजपासून ओळख झालेली बरी."

पाणी चढलं तशी भिंत कण्हली. मधला एक टेकू करकरला. मामा उठायच्या आत जावयाने मोगरी उचलून पाचर वरून ठोकली.

"वरून नको! उडून तोंडावर बसेल. खालून. हं. लहान लहान घाव. आणि ठोकताना भिंतीचं नाही, लाकडाचं ऐकायचं. आवाज घट्ट झाला की थांबायचं. जास्त ठोकलं तर बाजूचा ढिला होतो."

"म्हणजे संसारच की."

"संसाराला पाचरी मिळत नाहीत. ठोका."

तिसऱ्या तासाला भिंतीतून थेंबसुद्धा येईना. मामांनी मग सही केली. संध्याकाळी जहाज गेलं.

सहाव्या दिवशी लढाई झाली. शत्रू चार जहाजांशी झुंजत असताना उत्तरेकडून पाचवं आलं, आणि एका सकाळीत त्याच्या आरमाराचं कंबरडं मोडलं. युद्ध पुढे दोन वर्षं चाललं, पण शत्रूला त्यात पुढे पाऊल टाकता आलं नाही. सेनापतींच्या दूरदृष्टीवर अग्रलेख आले. पाचवं जहाज दुपारी बुडाल्याची बातमी आतल्या पानावर, हवामानाच्या वर होती.

बॉयलरखोलीचा मुकादम हात गळ्यात बांधून मामांच्या दारात आला, तारेच्याही आधी.

"पुन्हा त्याच कुशीत गोळा बसला, मामा. पलीकडचा कप्पा भरला. तुमची भिंत दोन तास उभी होती. एकतीस माणसं जिवंत वर आली. जावई पाचरी ठोकत होते. मी म्हटलं, चला आता. तर म्हणाले, एक सुटली की सगळ्या सुटतील, तुम्ही व्हा पुढे. मला मामांनी शिकवलंय."



"घाव खालून घालत होते?"

"खालून."

"मग बरोबर होतं," मामा म्हणाले, आणि हातांनी चौकट धरली.

लेक आतून आली होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"बाबा, तुम्ही शिकवलंत त्यांना?"

"हो. मीच."

याहून वेगळं काही सांगता आलं असतं. मामांनी ते सांगितलं नाही. ती भिंतीला धरून हळूहळू खाली बसली. मुकादमाने तोंड फिरवलं. मग ती म्हणाली, "एकतीस घरी तार नाही गेली, म्हणजे."

तिसऱ्या दिवशी गोदीत नवं जहाज लागलं. टेकूमामा भोंग्याच्या आधी फाटकावर हजर होते. हजेरी कारकून नवा होता. त्याने पट उघडला.

"दोन दिवस गैरहजर. कारण? इथे आजारपण आहे, लग्नकार्य आहे, आणि इतर."

"इतर लिहा," टेकूमामा म्हणाले, आणि जिना उतरून जहाजाच्या पोटात गेले.