वन्संच्या कोटाचं माप

आमच्या वन्संना दुसऱ्याच्या पोटात काय आहे ते कळल्याशिवाय स्वतःच्या पोटातलं पचत नाही. माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, म्हणून आजवर गप्प बसले. वयाचा मान ठेवावा लागतो. पण मान तरी किती ताणायचा? तोही शेवटी शिवणीत उसवतो.

माझं शिलाईचं दुकान आहे, बायकांचे कपडे शिवते. शाळा चौथीत सुटली, पण आकडे पक्के आहेत. हल्ली डोळे दगा देतात, टेपवरच्या बारीक रेघा दिसत नाहीत, म्हणून मापं सून घेते. तिचा हात असा, की गिऱ्हाइकाला कपडा सैल करून घ्यायला परत यावं लागत नाही.

तिच्या लग्नाला सहा वर्षं झाली. मूल नाही. का नाही, मला ठाऊक नाही. मनात शंभरदा आलं, विचारलं एकदाही नाही. मुलगा माझा असला तरी खोली त्या दोघांची आहे.

वन्संना असली दारं दिसत नाहीत. दर आठवड्याला काहीतरी उसवलेलं घेऊन यायच्या (घरी बसून स्वतःच उसवत असतील, असा मला संशय) आणि सुनेला धरायच्या. डॉक्टर कोण, औषध काय, पाळी वेळेवर येते का. सुनेनं आधी हसून टाळलं. मग "बघू" म्हणून टाळलं. मग ती दिवसभर तोंडात टाचण्या धरायला लागली. मी करवादले, तोंड म्हणजे काय डबी आहे? टाचण्या तोंडात असल्या की उत्तर द्यावं लागत नाही, एवढं माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

सोमवारी सकाळी तिनं सांगितलं, पुढच्या महिन्यापासून तयार कपड्यांच्या कारखान्यात जाणार. मला वाटलं, तिथे पगार बरा असेल. तर म्हणाली, "आई, तिथे मशिनींचा आवाज फार असतो. कोणी कोणाला काही विचारत नाही."

ती गेली तर दुकान बसणार, ते होतंच. पण माझ्या डोळ्यांदेखत वन्सं तिला पळवून लावत होत्या आणि मी टाचण्यांवरून बडबडत बसले, हे जास्त लागलं.

त्याच दुपारी वन्सं कोट शिवून घ्यायला आल्या. बाकावर दोन गिऱ्हाइकं बसलेली, एक शाळेतल्या बाई, दुसरी औषधवाली. सून पाठीमागे उभी राहून खांदा मोजत होती. वन्संनी सगळ्यांदेखत विचारलं, "मग दोष कुणाचा निघाला? तुझा की त्याचा?"

सुनेचे हात थांबले. टाचण्या ओठांत, नजर जमिनीवर. मी उठले, तिच्या हातातून टेप घेतली आणि तिला बसवलं.

आमच्याकडे एक रीत आहे. माप मोठ्यानं बोलायचं नाही. चिठ्ठीवर लिहायचं आणि चिठ्ठी पालथी ठेवायची. त्या दिवशी मी टेप नाकाला लावून वाचली आणि मोठ्यानं बोलले. खांदा पंधरा. छाती चव्वेचाळीस. वन्सं चुळबुळल्या. लग्नातले कपडे अजून अंगाला बसतात, असं त्या गावभर सांगतात, आणि वीस वर्षं मी त्यांच्या शिवणीत गुपचूप कापड वाढवत आलेय. टेप कमरेभोवती घेतली. औषधवालीनं मान वर केली.

"अगं, मनातल्या मनात मोज की," वन्सं कुजबुजल्या. "लोक ऐकतायत."

आकडा जिभेवर आला होता. गिळला. टेप गुंडाळली आणि बाकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हटलं,

"वन्सं, तुमचं माप आजवर या दुकानाबाहेर गेलं नाही, यापुढेही जाणार नाही. कोट शुक्रवारी न्या. पण माझ्या सुनेला पुन्हा असलं काही विचारलंत, तर थोरल्या असाल तुमच्या घरी, शिलाई दुसरीकडे बघा. तुम्ही आला नाहीत तर माझं चालेल. ही गेली तर चालणार नाही."