एकेरी

शिडीच्या तिसऱ्या पायरीवर उभं राहून एकार्ट ल्यूडर्सने सफरचंद देठापाशी हलकेच पिळलं, तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. कालव्याकाठच्या या बागांमध्ये ओळखीचं माणूस कडी वाजवत नसे. कुंपणावरूनच हाक मारी. एकार्टने फांदी बाजूला केली. फाटकात डॉक्टर टेश उभे होते. अंगात करडा कोट, पायात ऑफिसचे बूट आणि हातात कागदात गुंडाळलेली बाटली.

"अवेळी आलो का, ल्यूडर्स?"

"नाही, नाही. या ना, डॉक्टर."

एकार्ट घाईने उतरू लागला आणि खिशातली दोन सफरचंदं गवतात पडली. ती उचलावीत की आधी हात पुढे करावा, हे त्याला ठरवता येईना. बावीस वर्षं तो या माणसाच्या हाताखाली होता, मोटारींच्या कारखान्याच्या इंजिन-चाचणी विभागात. बावीस वर्षांत टेश त्याच्या बागेकडे फिरकले नव्हते.

पलीकडच्या बागेत कोस्लिक घेवड्याचे वाळलेले वेल उपटत होता. ओतशाळेतून निवृत्त झालेला माणूस. घसा अजून भट्टीशेजारी उभं राहून बोलणाऱ्याचा.

"काय डॉक्टरसाहेब, सफरचंदं तपासायला आलात? आमच्याकडे जे झाडावर तेच टोपलीत असतं हो! तपासनीस आला म्हणून वेगळं नाही दाखवत आम्ही!"

टेश हसले. हसण्याखेरीज करण्यासारखं काही नव्हतं.

"खरं सांगा," कोस्लिक कमरेवर हात ठेवून म्हणाला, "सावरणार का कंपनी?"

"सावरेल. मोठं झाड आहे. एखाददुसरी फांदी छाटावी लागते, इतकंच."

"छाटा की. पण शेंडा कधी छाटलेला बघितला नाही मी. नेहमी बुडख्याकडचीच फांदी जाते."

एकार्टने पाहुण्याला लाकडी खोपटासमोरच्या बाकाकडे नेलं. त्याचे कान तापले होते. धुराच्या तपासणीतल्या लबाडीची बातमी फुटून नऊ आठवडे झाले होते, आणि या नऊ आठवड्यांत गावात दुसरा विषय नव्हता. गावाचं सगळंच कारखान्याचं होतं: पोहण्याचा तलाव, फुटबॉलचं मैदान, बाळंतपणाचा दवाखाना. हिवाळ्यात घराघरांतल्या नळ्यांतून फिरणारं गरम पाणीसुद्धा कारखान्याच्या बॉयलरमधून यायचं. एकार्टची मुलगी वीबके आणि जावई दोघंही तिथेच, जुळणीच्या लाइनवर. रात्रपाळी बंद झाली होती. दुसरी पाळी बंद होणार, असं बोललं जात होतं.

आणि हे सारं ज्या गोष्टीमुळे झालं तिला चाचणी विभागात एक घरगुती नाव होतं, दिवाणखाना. नाव कुणी पाडलं ते आता कुणी सांगत नसे. पाहुण्यांसाठी झाडूनपुसून ठेवलेली एक खोली असते, बाकी घरात काही का असेना, तसं. चाकं फिरताहेत पण स्टिअरिंग हलत नाही, म्हणजे गाडी रस्त्यावर नसून तपासणीच्या रोलरांवर आहे, हे इंजिनाला कळायचं. मग ते शहाण्यासारखं वागायचं. रस्त्यावर आलं की पुन्हा मनसोक्त धूर सोडायचं.

"पेले असतील का?" टेशनी विचारलं.

मोहरीच्या चटणीच्या रिकाम्या झालेल्या काचेच्या दोन भांड्यांखेरीज खोपटात काही नव्हतं. एकार्टने ती सदऱ्याच्या टोकाने पुसली. टेशनी मनुक्यांची दारू ओतली आणि भांडं उचललं, पण ओठाला लावलं नाही.

"मी वयाने मोठा, हुद्द्यानेही. म्हणजे सुरुवात मीच करायला हवी होती. फार उशीर केला मी." त्यांनी भांडं पुढे केलं. "मी फोल्कमार."

एकार्टचा हात हवेत राहिला.

'तुम्ही'वरून 'तू'वर इथे कुणी आपोआप घसरत नाही. थोरल्याने आपलं पहिलं नाव सांगून देऊ करायचं, धाकट्याने घ्यायचं, पेला रिकामा करायचा. दिलेलं नाकारणं म्हणजे तोंडावर थुंकणं, आणि एकदा घेतलेलं परत करता येत नाही. अकरा वर्षांपूर्वी, टेश पन्नास वर्षांचे झाले त्या संध्याकाळी, त्यांनी अख्ख्या टेबलाला 'तू' देऊ केलं होतं. एकार्ट तेव्हा बाहेर कोट टांगायच्या खोलीत कुणाच्या तरी बायकोची छत्री शोधत होता. परत आला तर सगळीकडे 'फोल्कमार, फोल्कमार' चाललेलं. आपणहून मागायची ती गोष्ट नव्हे. त्याने छत्री दिली आणि जागेवर बसला. दुसऱ्या दिवसापासून विभागात सगळे एकेरीत, आणि तो एकटा 'डॉक्टर टेश' म्हणणारा. हळूहळू लोकांना वाटू लागलं, त्यालाच तसं आवडत असावं.

"एकार्ट," तो म्हणाला. दोघांनी पेले रिकामे केले.

टेशनी पुन्हा थोडी ओतली. मग सफरचंदाच्या झाडाकडे बघत विचारलं, "मंगळवारी तुला परत बोलावलंय ना चौकशीच्या त्या वकीलबाईंनी?"

'तुला' हा शब्द एकार्टला पाठीवर हात पडावा तसा जाणवला.

"हो. दहा वाजता. चौथ्यांदा."

"मार्चमधल्या बैठकीबद्दल विचारतील. इतिवृत्त तूच लिहायचास."

"टाइप केलेल्यात चौथा मुद्दा नाहीये," एकार्ट म्हणाला. "तीननंतर एकदम पाच."

"आणि तुझ्या वहीत?"

एकार्टने भांड्यात पाहिलं. वहीत चौथा मुद्दा होता. त्याच्या बारीक, सरळ अक्षरात: 'मुद्दा ४, दिवाणखाना. डॉ. टेश यांच्या सूचनेवरून या मुद्द्याची नोंद करू नये असे ठरले.' लिहिताना त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. बैठकीत जे ठरेल ते लिहायचं, हे इतिवृत्त लिहिणाऱ्याचं काम. लिहू नये असं ठरलं, म्हणून त्याने तसं लिहिलं.

"आहे एक ओळ," तो म्हणाला, आणि ती ओळ सांगितली.

टेशनी भांडं बाकावर ठेवलं. मग मान हलवून हसले, आणि त्या हसण्यात थोडी माया होती, हेच वाईट होतं. "हे फक्त तूच करू शकतोस, बाबा."

पलीकडे वेल उपटल्याचा आवाज थांबला होता. टेशनी आवाज खाली आणला.

"कंपनी सावरायची तर कुठेतरी रेघ मारावी लागणार, एकार्ट. इथपर्यंतच्या लोकांना माहीत होतं, इथून वरच्यांना नव्हतं. रेघ जितकी खाली, तितकी कंपनी लवकर उभी राहील. वीबकेची पाळी टिकेल. त्या ओळीने काय होईल? रेघ वर सरकेल, मग आणखी वर. गावच बुडेल."

"रेघेच्या खाली कोण?"

"तुझी नोकरीची थोडीच वर्षं राहिलीत. मी वर राहिलो तर तुला सांभाळीन. मीच खाली आलो, तर तुला कोण सांभाळणार?" ते उठले, पँटला चिकटलेलं वाळकं पान झटकलं. "जुन्या वह्या काय, माणूस कधीतरी टाकतोच. बरंय. येतो, एकार्ट."

"हो... फोल्कमार."

फाटकाची कडी वाजल्यावर कोस्लिकचं डोकं कुंपणावर आलं.

"काय रे, काय म्हणत होता?"

"काही नाही. सफरचंदं चांगली आलीत म्हणाला."

"नेली का मग?"

एकार्टने बाकाकडे पाहिलं. बाटली तिथेच होती. "नाही," तो म्हणाला.

सोमवारी गेझिना स्वयंपाकघरात मुरंब्यासाठी सफरचंदं सोलत होती. नवऱ्याचं सगळं बोलणं तिने सुरी न थांबवता ऐकलं.

"आणि तू घेतलंस?"

"नाही कसं म्हणायचं गं?"

"नाही असं म्हणायचं. दोन अक्षरं आहेत." तिने साल परातीत टाकली. "अकरा वर्षं तुला दारात उभं केलं त्याने. आता आत बोलावलं, ते घराला आग लागल्यावर."

"वीबकेचं काय मग?"

तिची सुरी थांबली. खिडकीखालची नळी कुरकुरली. संध्याकाळचं गरम पाणी चढत होतं. गेझिनाने पुढचं सफरचंद हातात घेतलं, ते फिरवून फिरवून पाहिलं आणि न सोलताच खाली ठेवलं.

"मला नको विचारूस," ती म्हणाली.

एकार्टने फळीवरून वही काढली. आधी तिची तार उलगडून बाजूला केली, कारण कागदाच्या डब्यात धातू टाकायचा नसतो. मग सुटी पानं नीट जुळवून अंगणातल्या निळ्या डब्यात, जुन्या वर्तमानपत्रांच्या खाली ठेवली. निळा डबा बुधवारी सकाळी नेत. आत येऊन त्याने हात धुतले. न्हाणीघराच्या आरशासमोर, दार लावून, त्याने दोन-तीनदा म्हणून पाहिलं, "फोल्कमार." मंगळवार झाल्यावर तो कधीतरी भेटणारच; तेव्हा जीभ अडखळायला नको.

वकीलबाईंचं नाव इमहोफ. चेहरा थकलेला, बोलणं मऊ. कारखान्याच्या मुख्य इमारतीत चौथ्या मजल्यावर त्यांना खोली दिली होती. खिडकीतून चार धुराड्यांपैकी दोनच दिसत. टेबलावर पाण्याचा तांब्या, पेला आणि बोलणं टिपणारं यंत्र. मागच्या तीन भेटींचे कागद त्यांच्या पुढ्यात होते.

"मार्चच्या इतिवृत्तात तीननंतर पाच आहे, ल्यूडर्ससाहेब. चौथा मुद्दा काय होता?"

"आठवत नाही."

वाक्य अगदी सहज निघालं. त्यालाच नवल वाटलं.

"दिवाणखाना हा शब्द त्या दिवशी निघाला होता?"

"आठवत नाही."

"तुम्ही आधी हाताने लिहून घेता ना? ती वही?"

"जुन्या वह्या मी ठेवत नाही."

इमहोफबाईंनी मान हलवली. त्यांनी लिहिलं नाही, वर पाहिलंही नाही. आता संपेल असं एकार्टला वाटलं. खिडकीतल्या एका धुराड्यातून पांढरी वाफ निघत होती. म्हणजे बॉयलर चालू होता, घरं गरम होती.

"डॉक्टर टेश बैठकीला शेवटपर्यंत होते?"

"नाही, फोल्कमारला मध्येच फोन आला, म्हणून तो..."

तो थांबला. बाईंनी डोकं उचललं. मग सावकाश जुने कागद उलटले, एक पान, दुसरं पान.

"मागच्या तीनही भेटींत ते 'डॉक्टर टेश' होते."

"हो."

"आणि 'ते' होते. आज 'तो' आहे."

"हो."

"तुम्ही एकमेकांना एकेरीत हाक मारता?"

"मारतो."

"कधीपासून?"

उत्तर सोपं होतं. अकरा वर्षांपासून, एवढंच म्हणायचं. विभागातले सगळेच तेव्हापासून म्हणत होते. कुणी तपासायला जाणार नव्हतं. एकार्टने ओठ उघडले, आणि त्याच्या डोळ्यांसमोर ती कोटांची खोली आली, ओल्या लोकरीचा वास, कुणाची तरी न सापडणारी छत्री. 'आठवत नाही' म्हणणं जमलं होतं. पण ती अकरा वर्षं नव्हतीच असं कसं म्हणायचं? त्यातला एकेक दिवस त्याने काढला होता.

"रविवारपासून," तो म्हणाला.

"कोणत्या रविवारपासून?"

"या. परवाच्या."

यंत्रावरचा लाल दिवा तेवढा स्थिर होता. इमहोफबाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि ते टेबलावर अगदी आवाज न करता ठेवलं.

"घाई नाही," त्या म्हणाल्या. "पाणी घ्या. रविवारी काय झालं ते सांगा."

एकार्टने पेला दोन्ही हातांनी धरला, पण प्यायला नाही. खिडकीबाहेर वाफ वर चढत होती.

"आज मंगळवार ना?" त्याने विचारलं.

"हो. का?"

"नाही, मग डबा अजून नेलेला नसेल."