चोविसाव्या मिनिटाचा वारा

आमचा अल्बम आला, राजेहो. शुक्रवारी सकाळी टाकला. नाव 'दुपार'. देवानंदचा आन माहा, दोघांचा. आयकाचा तं आयका, नसन आयकाचा तं नोका आयकू, पण 'याच्यात गाणं कुठी हाय' असं मले विचारू नोका. दोन दिवसांत तीस जणांनी विचारलं, डोकं फिरलं माहं.

गाणं नाईच त्याच्यात. ना ठेका, ना बोल. वऱ्हाडातली मे महिन्यातली दुपार हाय ते, त्रेचाळीस मिनिटांची. तापलेल्या टिनाचं कडकडणं, कापसाच्या बंद जिनिंगच्या शेडमधला वारा, सुकल्या पाल्याची सळसळ, आन त्याच्या खालून माह्या पेटीचा एकच सूर, लांबवत नेलेला. माहा मामा म्हणते, "नितेश, कूलर बिघडला काय बे?" म्हणू द्या. ज्याले समजलं त्याले समजलं.

देवानंद चांदूर रेल्वेचा. तिथी त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. मी अकोल्यात, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. तो रेकॉर्डर घेऊन रानोमाळ हिंडे आन आवाज जमा करे, मी ते कॉम्प्युटरवर जोडो. गाडीनं कोणी ओळखीचं येऊन रायलं का त्याच्याजवळ रेकॉर्डरचं मेमरी कार्ड पाठवे. मी आवाज उतरवून घेतले का कार्ड कोरं कराचं आन त्याच गाडीनं वापस. तीन वर्षं हेच चाललं. दुसरा आमचा नेम असा, का माणसाचा आवाज ठेवाचा नाई. हा नेम त्याचाच. "माणूस बोलला का सारे त्यालेच आयकते बे, मंग वारा मरते," म्हणे. कोणी ढोरं हाकलली, कोणी खोकललं, का मी कापून टाको.

मागच्या मे महिन्यात शेवटचा तुकडा बाकी होता. पारा सेहेचाळीसवर, आन रिकाम्या वावराचा आवाज पाहिजे होता. त्यानं सकाळी नऊचा पाठवला. मीच म्हटलं, "हा नाई चालत. पाखरं हायेत याच्यात. बारानंतरचा आण." मीच म्हटलं हे. कोणापासून लपवून नाई ठेवलं.

तो रविवारी दुपारी वावरात गेला. मोबाईल घरीच ठेवला, कारण मोबाईल जवळ असला का रेकॉर्डिंगमध्ये टिकटिक येते. संध्याकाळी एका माणसाले तो बाभळीखाली पडलेला दिसला. ऊन लागलं होतं. अमरावतीले नेता नेता वाटेतच गेला. चौतीस वर्षांचा पोट्टा. रेकॉर्डर बाजूले, चालूच.

दहाव्याले मी गेलो तं त्याची माय, बेबीताई, तिनं रेकॉर्डर माह्या हातात देला. "त्याचं काम हाय न हे? तू पुरं कर, बाबू." मी मान हालवली आन अकोल्याले आलो.

कॉम्प्युटरवर लावलं. वारा पडद्यावर बारीक रेघेसारखा दिसते. एक तास चोवीस मिनिटांवर त्या रेघेत एक गाठ होती, चाळीसेक सेकंदांची. मले पायल्याबरोबर समजलं. माणसाचा आवाज कसा दिसते ते मी डोळ्यानं ओळखतो. बटनावर बोट ठेवलं आन उचललं. हिंमत नाई झाली, खरं सांगतो. मेलेल्या दोस्ताचा आवाज त्या खोलीत एकट्यानं आयकाची छाती नव्हती माही. मी तेवढा तुकडा कापला, वाऱ्याले वारा जोडला, त्याच फाईलवर सेव्ह केलं. आन सवयीनं कार्ड कोरं केलं. वापस पाठवाले तिकडे कोणी नव्हतं, तरी कोरं केलं. मंग चार दिवस त्याच कार्डावर माह्या पेटीचे सूर भरले. काय करून बसलो हे मले पाचव्या दिवशी समजलं. सारे उपाय करून पायले. काईच वापस आलं नाई.

हे कोणाले सांगितलं नाई. अल्बम टाकला, स्टेटस ठेवलं, दोघांची नावं लिहिली.

रविवारी सकाळी दारात बेबीताई. एकटीच, पॅसेंजरनं आलेली. पाणी पेली आन म्हणाली, "शेजारच्या रागिणीनं मोबाईलवर दाखवलं. मले आयकव."

मी तिच्या पदरावरूनच हेडफोन लावले. त्रेचाळीस मिनिटं ती हालली नाई. संपल्यावर हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"याच्यात तो कुठी हाय?"

"सारं त्यानंच आणलेलं हाय, काकू. तो वारा..."

"वारा नाई रे. तो." ती माह्या तोंडाकडे पाहून रायली होती. "डॉक्टर म्हणे, घंटाभर तरी शुद्धीत पडून असन. घंटाभर गप राह्यचा पोट्टा हाय का तो? मशीन चालू होती. काय बोलला तो?"

माह्या जिभेवर आलं होतं, का सांगून द्याव, तुमचंच नाव घेतलं. आयुष्यभर पुरलं असतं तिले. नाई जमलं.

"बोलला, काकू. मी ते कापलं."

"काय बोलला पण?"

"आयकलं नाई."

तिले पहिले समजलंच नाई. मंग समजलं. तिनं मले शिव्या देल्या असत्या तं बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "मले ते मशीन चालवता आलं असतं तं मीनच आयकलं असतं न रे. म्हणून तं तुले देलं होतं. मी सालभर वाट पाहून रायली, का याचं हे निंघन आन मी आयकीन."

मी हात जोडले. दुसरं काय करणार होतो? रडाले आलं तेही गिळलं, कारण तिच्यासमोर रडाचा हक्क मले नव्हता.

"कुठी होतं ते?" तिनं विचारलं. "जिथून काढलं, तिथी लाव."

अल्बममध्ये ती जागा चोविसाव्या मिनिटावर येते. मी लावली. तिथी नुसता वारा हाय, जोड कुठी हाय ते मलेही आयकू येत नाई, इतकं साफ काम केलं मी. तिनं एकदा आयकलं. बोटानं खूण केली, पुन्हा लाव. पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा तिनं दोन्ही हातांनी हेडफोन कानाशी दाबून धरले. कानावर हेडफोन असले का माणूस मोठ्यानं बोलते, आन त्याचं त्याले समजत नाई.

"बोल न रे, देवा," ती मोठ्यानं म्हणाली. "मी आहो न इथं. बोल."