अठरा टक्क्यांवर खिंड

भिमा मरगळे यांची डायलिसिसची मागची पाळी चुकली होती. पाय सुजून चपलेत मावत नव्हते. आज भोरला उशीर झाला तर मशीन पुढच्या पेशंटला देऊ, असं रुग्णालयानं बजावलं होतं.

सून नूतननं गाडी चालू केली. पडद्यावर बॅटरी अठरा टक्के. रात्रभर घरच्या प्लगवर असलेली गाडी भरलेली असायला हवी होती.

"पिन कुणी काढली?"

"म्या," मागं बसलेल्या सासूबाई, सारजाबाई म्हणाल्या. "आभाळ गडगडाय लागलं. टीव्ही, फ्रीज, समद्याची काढली. हिची कशी ठिऊ?"

खांबावर वीज पडून वस्तीतले टीव्ही जळाले होते. तेव्हापासून ढग वाजला की वस्तीतल्या सगळ्या पिना निघत. आता वीजच गेली होती. नूतनचा नवरा पुण्यात, आणि दुसरी गाडी मागवली तर दुपार होणार.

नूतननं एसी बंद केला आणि गाडी काढली. अठरा टक्क्यांत भोर गाठेल असं पडदा सांगत होता. पण तो हिशोब सपाट रस्त्याचा. मध्ये खिंड होती.

चढ लागला आणि आकडा घसरू लागला. पंधरा. तेरा. नूतन वळण बघायची, मग पडदा, मग आरशात सासऱ्यांचा चेहरा.

"मामा, बरं वाटतंय ना?"

"माझं सोड. गाडीचं बघ."

बारा झाले तशा सारजाबाई म्हणाल्या, "थांबीव. म्या उतरते. वजन कमी हुईल."

"आत्या, तुमच्यानं काय फरक पडणार?"

"मेंढरांची वाट सरळ वर खिंडीत जाती. तुमी वळणं घेत या."

गाडी थांबताच त्यांनी पदर खोचला आणि करवंदीच्या जाळीत शिरल्या. भिमांनी काच खाली केली. "अगं, पडशील!"

"तुमी पडा गाडीत गप!"

नऊ. आठ. खिंडीच्या तोंडाशी सहा. मोबाईलला रेंज नव्हती. इथं गाडी बंद पडली तर कुणाला कळणारही नव्हतं. नूतननं गाडी थांबवून पायवाटेकडं पाहिलं. कुणी नव्हतं.

"तू चल," भिमा म्हणाले. "ती यील एसटीनं."

तेवढ्यात झुडपं हलली. सारजाबाई धापा टाकत वर आल्या आणि हातानंच 'जा, जा' करू लागल्या.

"बसा आत्या, लवकर!"

"आन् वजन?"

"उताराला वजन चांगलं. गाडी उतरताना चाकंच बॅटरी भरतात. जड गाडी जास्त भरते."

सारजाबाई बसल्या. सहाचे सात झाले तेव्हा त्या दोन सीटमधून पुढं वाकल्या. आठ झाले. त्यांनी बाहेर पाहिलं. रस्त्याकडेला दुधाची किटली घेऊन एक बाई उभी होती.

"हिलाबी घ्यायची का? चांगली आडमाप हाय."

भिमा हसले आणि खोकले. नूतन हसली नाही. खाली सपाट रस्ता लागला होता आणि आकडा पुन्हा उतरत होता.

भाटघर मागं पडलं तेव्हा पाच होते. भोरमध्ये शिरताना दोन. गाडीनं आपणहून वेग कमी केला. मागची मोटारसायकल हॉर्न वाजवत पुढं गेली.

रुग्णालयाच्या फाटकात नूतन किल्ली आतच ठेवून पळाली. परिचारिका दुसऱ्याचं नाव पुकारत होती.

"मरगळे आलेत!" नूतन दारातूनच ओरडली.

परिचारिकेनं तिच्या मागं पाहिलं. सारजाबाईंच्या खांद्यावर हात टाकून भिमा पायऱ्या चढत होते.

"आणा आत," ती म्हणाली. "मशीन मोकळं आहे अजून."