शेळीचं रक्त आणि आक्काबाईचं

सोनईच्या आक्काबाईनं सुनेला, सुंद्राला, आठ दिवस उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू दिलं नव्हतं. लेकानं, बन्सीनं, आईला न विचारता तिकडं श्रीगोंद्याला परस्पर लग्न उरकलं. मग सुंद्रानं गोठ्यात नाही राहायचं तर कुठं?

त्यातच भाचा सूर्यभान आला. बेचाळीसच्या गडबडीत पुण्याचं कॉलेज बंद पडलेलं, म्हणून त्यानं काचेच्या नळ्या आणून पडवीतच प्रयोग मांडला. ग्लिसरीनच्या पाण्यात रक्ताचा थेंब टाकायचा. रक्तातल्या कणांना पातळ कातडं असतं म्हणे. त्यातून ग्लिसरीन आत शिरलं की मागोमाग पाणी शिरतं, कण फुगून फुटतो आणि गढूळ नळी नितळ होते. नळीमागं वर्तमानपत्र धरायचं. अक्षरं दिसली की घड्याळ थांबवायचं.

पहिला मान शेळीचा. तिच्या रक्तानं ग्लिसरीनला असं ताटकळत ठेवलं की आक्काबाईचा दोनदा चहा झाला.

"बगा! ह्याला म्हनत्यात खानदान," आक्काबाई म्हणाली. "मुकं जनावर, पन कुनाला लगीच आत घेत न्हाई."

"माणसाचं रक्त लगेच घेतं, आत्याबाई," सूर्यभान म्हणाला.

"शेजारच्या गोजरीचं घेत आसंल. तिच्या घरात कुत्रंबी विचारून शिरत न्हाई. माजं न्हाई घ्यायचं."

"आन् घेतलं तर?" बन्सीनं हळूच विचारलं.

"तर तुजी बायकूबी घेईन आत! जा!"

बोलून बसली. गडग्यावर हनुवटी टेकून उभ्या असलेल्या गोजरबाईनं ते ऐकलंही.

आक्काबाईनं बोट पुढं केलं, पण अट घालून. अक्षरं दिसली की नाही, ते तीच सांगणार. "शाळंत गेलीया मी." किती दिवस गेली, ते तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

थेंब पडला. मिनिटभरही झालं नसेल, नळी डाळिंबाच्या सरबतासारखी नितळ झाली.

"दिसतंय का, आत्याबाई?"

"न्हाई."

"आता?"

"कुटं काय? समदं लाल."

"आगं, दिसतंय की ढळढळीत," गडग्यावरून गोजरबाई म्हणाली. "पन दिसून काय उपेग? वाचाया बी यावं लागतं."

आक्काबाईच्या कानाच्या पाळ्या तापल्या. दिसत नाही म्हणावं तर अडाणी ठरणार. दिसतं म्हणावं तर सून आत. सून काय, कुणाचीही येते. पण गोजरीनं अडाणी म्हणायचं?

तिनं पदर खोचला, नळीला नाक टेकवलं आणि अर्ध्या गावाला ऐकू जाईल असं एकेक अक्षर हाणलं, "रॉ! के! ल! रॉकेल मि... ळ... णार ना... ही! वाच गं गोजरे, येत आसंल तर!"

घड्याळ थांबलं. सूर्यभाननं वहीत 'आत्याबाई, चार मिनिटं' असं लिहिलं आणि कपाळाला हात लावला. पुण्यात हे कुणालाही पटणार नव्हतं.

"सुंद्रे!" आक्काबाई गोठ्याकडं तोंड करून ओरडली. "ये आत. उजवा पाय आदी. आन् फुडली वळ तू वाच. माजं डोळं दुखाया लागलं."